शाळूच्या गावात रेशनचा गहू

सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावी पिठाच्या गिरणीत तासभर बसावं लागलं, कारण वीज गेली होती. दळणाचे डबे ओळीनं मांडलेले. तेवढ्यात एक बाई पिशवीत गहू घेऊन आल्या. मला वाटलं दळायला आणलाय. पण त्यांना तो बदलायचा होता. रेशनचा गहू गिरणीवाल्याला द्यायचा, त्याच्याकडच्या पोत्यातली ज्वारी घ्यायची आणि वर जो फरक पडेल तो रोख भरायचा. दोन किलो गव्हाला जेमतेम एक किलो ज्वारी. गिरणीवाल्यानं न बोलता तराजू ओढला, म्हणजे हा व्यवहार दर महिन्याचा असणार.

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. भीमेकाठची खोल काळी जमीन, पावसाळा सरताना पेरायचं, पुढं विहिरीचं पाणी नाही की कालव्याचं नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, माघ-फाल्गुनात काढणीला येतो. जवळच्याच मोहोळला १९३०च्या दशकात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण आजही लोक नाव घेऊन मागतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि या तालुक्यात सरकार गरिबाच्या पिशवीत घालतं गहू आणि तांदूळ. गरीब माणूस तो बदलून पुन्हा ज्वारीच घेतो, मधल्या मध्ये चार पैसे घालवून.

हे असं का होतं, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

१९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. देशात धान्य नव्हतं. अमेरिकेच्या पीएल ४८० या अन्नमदतीच्या कायद्याखाली गव्हाची जहाजं येत होती आणि १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. अध्यक्ष जॉन्सन यांनी ते एकदम न सोडता थोडं थोडं सोडलं, म्हणजे दिल्लीला पुढच्या जहाजासाठी दर वेळी तोंड वेंगाडावं लागे. १९६५ च्या जानेवारीत सरकारसाठी धान्य विकत घेऊन साठवणारं भारतीय अन्न महामंडळ सुरू झालं, त्याच सुमाराला हमीभाव सुचवणारा कृषी मूल्य आयोग आला. पुढच्या वर्षी मेक्सिकोहून गव्हाचं १८,००० टन बियाणं आणलं. जिथं कालव्याचं पाणी हमखास आहे तिथंच बियाणं, खत आणि भाव ओतायचा, हा निर्णय झाला. ती जागा म्हणजे पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशचा पश्चिम भाग.

त्या वेळी हा निर्णय बरोबर होता. ज्याच्या घरी उद्याचं पीठ नाही त्यानं विविधतेच्या गप्पा मारू नयेत. महाराष्ट्राला तर हे १९७२ नं शिकवलं. त्या दुष्काळातली माणसं अजून ‘मिलो’चं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी. तिकडं ती मुख्यतः जनावरांना घालत. खडी फोडायच्या कामावर सुकडी आणि घरी मिलोची भाकरी, यावर लोकांनी ते वर्ष काढलं. ज्वारीच्या मुलखानं ज्वारीच खाल्ली, पण सात समुद्रांपलीकडची. शिवार करपलं की बाहेरून धान्य आणायला कुणीतरी लागतं, हे त्या पिढीला सांगावं लागत नाही. म्हणून ‘सगळं स्थानिकच हवं, केंद्राचा साठा नको’ असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या बाजूचा नाही.

अडचण वेगळी आहे. आग विझवायला आणलेला बंब रोज दारात पाणी भरायला येऊ लागला आणि गावची विहीर बुजली.

ही व्यवस्था तीन पायांच्या तिवईसारखी आहे. पहिला पाय हमीभाव, दुसरा सरकारी खरेदी, तिसरा रेशन. हमीभाव २२ पिकांना जाहीर होतो. ऐकायला छान वाटतं. पण भाव जाहीर करणं आणि त्या भावानं माल उचलणं या दोन गोष्टी निराळ्या. सरकार मनापासून उचलतं ते गहू आणि तांदूळ, कारण रेशनला तेच लागतात. आणि रेशनला तेच लागतात, कारण गोदामात तेच असतात. अन्न महामंडळाच्या कारभाराचा आढावा घ्यायला नेमलेल्या शांता कुमार समितीनं २०१५ मध्ये सांगितलं होतं की देशातले जेमतेम ६ टक्के शेतकरी सरकारी यंत्रणेला हमीभावानं माल विकतात. बाकीच्यांसाठी हमीभाव ही बातमीत ऐकायची गोष्ट.

आता ज्वारीचं बघा. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव होता ३,७४९ रुपये क्विंटल. त्याच वर्षीच्या हंगामात गव्हाचा होता २,४२५. कागदावर ज्वारी गव्हापेक्षा तेराशे रुपयांनी वरचढ. (गंमत म्हणजे मालदांडी हे रब्बीचं पीक, पण तिचा भाव जाहीर होतो खरिपाच्या यादीत, हायब्रीडच्या शेजारी. दिल्लीच्या फायलीत ज्वारी म्हणजे ज्वारी.) मग शेतकरी सरकारला का विकत नाही? खरेदी केंद्र उघडायचं तर राज्यानं केंद्र सरकारकडं प्रस्ताव पाठवायचा, मंजुरी यायची, मग नोंदणी. नोंदणीला सातबारा, त्यावर पीकपेऱ्याची नोंद, आधार, मोबाइलवर ओटीपी. मग दर्जाची तपासणी. मग कळतं, बारदाना, म्हणजे माल भरायची पोती, आलेला नाही. ज्वारी खळ्यावर तयार होते फाल्गुनात. त्याच वेळी सोसायटीचं कर्ज फेडायची मुदत मार्चअखेरीला येऊन ठेपते. त्या घाईत माणूस आडतीवर जातो आणि मिळेल त्या भावानं पट्टी घेऊन घरी येतो. एखाद्या वर्षी बाजारभाव हमीभावाच्या वर असतो, तेव्हा प्रश्नच नसतो. पण भाव पडतो त्या वर्षी केंद्र उशिरा उघडतं, आणि माणूस पुढच्या वर्षी काय पेरायचं ते त्या वर्षावरून ठरवतो.

पंजाबात उलटं. तिथं मंडी हाकेच्या अंतरावर, आडत्या ओळखीचा, सरकारी खरेदी ठरलेली. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रोटी खाणारा पंजाब भात पिकवू लागला, स्वतः खाण्यासाठी नव्हे तर अन्न महामंडळासाठी. जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की तिथल्या दीडशे तालुकेवजा विभागांपैकी शंभराहून अधिक ठिकाणी मुरतं त्यापेक्षा जास्त पाणी काढलं जातं. ते वाचवायला २००९ मध्ये कायदा केला की भाताची लावणी अमुक तारखेआधी करायची नाही. लावणी पुढं गेली तशी काढणीही पुढं गेली, गव्हाच्या पेरणीला दिवस उरेनात, आणि शेतकरी भाताचं काड पेटवू लागला. त्याचा धूर दिल्लीवर. आपल्याकडच्या बाईंच्या पिशवीतल्या गव्हाची गोष्ट दिल्लीच्या खोकल्यापर्यंत जाते ती अशी.

आणि इकडं काय झालं? देशात १९७० च्या सुमाराला ज्वारीखाली पावणेदोन कोटी हेक्टर जमीन होती. आता ती चाळीस लाखांच्या आसपास आहे. त्यातल्या काही जमिनीवर सोयाबीन गेलं, काहीवर कापूस. सोलापुरात उजनीचं पाणी पोचलं तिथं ऊस. उसाला कारखाना दारात येतो, टोळी तोडून नेते आणि भाव कायद्यानं बांधलेला असतो. ज्वारीला यातलं काही नाही. ज्वारी उपटायला मजूर मिळत नाही, राखणीला गोफण घेऊन मचाणावर बसायला घरात पोरगं नाही.

ज्वारी गेली तेव्हा एक गोष्ट मोजायची राहून गेली, ती म्हणजे कडबा. सरकारी हिशेबात पीक म्हणजे दाणे. पण शाळूवाल्या शेतकऱ्याला विचारा, तो दाण्याच्या आधी कडब्याचं बोलेल. चांगल्या मालदांडीचा कडबा पुरुषभर उंच, पानाला गोड. शेकड्यानं पेंढ्या विकल्या जातात आणि काही वर्षी त्यातून दाण्याच्या बरोबरीनं पैसा येतो. घरची बैलजोडी, म्हैस वर्षभर त्या गंजीवर जगते. एका रानातून माणसाचं आणि जनावराचं दोघांचं पोट भरतं, हा या पिकाचा खरा हिशेब. रेशनच्या गव्हानं चपातीची सोय होते, पण पंजाबातून कडबा येत नाही. शिवारातला शाळू कमी झाला तसा चाराही विकतचा झाला, आणि २०१२-१३ किंवा २०१८-१९ सारखं वर्ष आलं की जनावरं छावणीत, समोर उसाचं वाढं. छावणीच्या खर्चाची पावती कुणी अन्नधोरणाच्या खात्यावर टाकत नाही. टाकायला हवी, असं माझं मत.

सगळी अंडी एका टोपलीत ठेवल्यावर काय होतं ते २०२२ मध्ये दिसलं. मार्चमध्ये उत्तरेत उष्णतेची लाट आली, गव्हाचा दाणा भरला नाही. त्यातच युक्रेनचं युद्ध, बाजारभाव चढलेला, म्हणून व्यापाऱ्यांनी माल उचलला. सरकारची खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. मे महिन्यात निर्यातबंदी झाली, आणि मोफत धान्य योजनेतला गहू महाराष्ट्रासह अनेक राज्यांत कमी करून बदली तांदूळ दिला. लुधियानात ऊन जास्त पडलं म्हणून उमरग्यातल्या ताटात भात वाढला. त्या वर्षी आपल्या काळ्या रानात शाळू आला होता की नाही, हे त्या निर्णयात विचारायचं कारणच नव्हतं.

पोषणाचं थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. यावर सरकारचा उपाय म्हणजे पोषणयुक्त तांदूळ: लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले कारखान्यात बनवलेले दाणे, शंभर साध्या दाण्यांत एक या प्रमाणात. घोषणा झाली २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी. पण दारोदारी काय चाललंय ते बघा. तांदूळ सुपात घेतला की ते दाणे वेगळे दिसतात, पाण्यात वर येतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून बायका एकेक दाणा वेचून कोंबड्यांपुढं टाकतात. त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. आधी गिरणीत तांदळाचा कोंडा काढून तो पांढरा करायचा, मग त्यात बाहेरून लोह घालायचं, मग लोकांना पटवायचं की हे प्लास्टिक नाही. ज्वारीत पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पट लोह मुळातच असतं. नाचणीत शंभर ग्रॅममागं साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नाही. नुसती भाकरी खाऊन रक्तक्षय जातो असं म्हणायचं नाही. त्याला डाळ, पालेभाजी, अंडंही लागतं. पण रोजच्या धान्यातून जे फुकट मिळत होतं ते काढून घेऊन पुन्हा गोळीसारखं परत देणं मला तरी उफराटं वाटतं.

आता कायदा आडवा येतो का? नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी पाच किलो धान्य म्हटलंय आणि धान्य म्हणजे तांदूळ, गहू किंवा भरडधान्य. भरडधान्याचा दर तर एक रुपया किलो, सगळ्यात कमी लिहिलेला होता. २०२३ च्या जानेवारीपासून सगळंच मोफत झालं. भरडधान्यासह विकेंद्रित, म्हणजे राज्यांनी जागच्या जागी करायच्या, खरेदीला उत्तेजन द्यावं, असं त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. ज्वारी फार टिकत नाही म्हणून वाटपाची मुदत आखडती होती, तीही २०२१ मध्ये नऊ महिन्यांपर्यंत वाढवली. गेल्या काही वर्षांत आपल्या काही जिल्ह्यांत गव्हाऐवजी ज्वारी वाटलीही. दार उघडं आहे. आत कुणी नेमानं जात नाही.

पैशाचं काय? अन्न महामंडळाला २०२४-२५ मध्ये खरेदी, बारदाना, वाहतूक, साठवण, व्याज धरून गहू किलोला २७-२८ रुपयांच्या घरात पडत होता आणि तांदूळ ४० च्या आसपास. मालदांडी हमीभावानंच साडेसदतीस, वर पोतं-हमाली धरली तर चाळिशी ओलांडते. म्हणजे ज्वारी गव्हाहून बरीच महाग, हे झाकण्यात अर्थ नाही. पण तांदळाच्या ती जवळपास आहे. विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात आणि कोकणात तांदूळ द्यावाच. भाकरीच्या मुलखात तोच खर्च ज्वारीवर का करू नये, एवढाच प्रश्न आहे.

हे जमतं याचे दाखले फार लांब नाहीत. बिदरच्या शेजारी, तेलंगणातल्या झहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेबरोबर दलित बायकांच्या संघांनी १९९०च्या दशकात पर्यायी रेशन उभं केलं. आपल्यासारखाच ज्वारीचा, पावसावरचा मुलूख. तीसेक गावांतली पडीक रानं निवडली, मालकांना नांगरट-खतासाठी उसनवारी दिली आणि परतफेड पैशात न घेता पुढची काही वर्षं ज्वारीत घेतली. ती ज्वारी गावातच साठवली आणि पावसाळ्यात, म्हणजे घरातली मडकी रिकामी असतात तेव्हा, गरिबांना स्वस्तात दिली. गरीब कोण हे तहसीलदारानं ठरवलं नाही, गावानं बसून ठरवलं. मला यातलं सगळ्यात हुशारीचं वाटतं ते परतफेडीचं कलम: कर्ज, पीक आणि रेशन तिन्ही एकाच दोरीत ओवले.

ओडिशानं हेच सरकारी पातळीवर केलं. २०१७ मध्ये तिथं भरडधान्य अभियान सुरू झालं. आदिवासी जिल्ह्यांत नाचणी, तिकडं ‘मांडिया’ म्हणतात, आदिवासी विकास सहकारी महामंडळामार्फत हमीभावानं घेतली आणि रेशनवर दिली. केओंझरच्या अंगणवाड्यांत नाचणीचे लाडू सुरू केले. शेतकऱ्याला पेरायला सांगतानाच खाणारं गिऱ्हाईकही पक्कं केलं. आपण २०२३ मध्ये नेमकं उलट केलं. आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष, भरडधान्याला ‘श्री अन्न’ हे नवं नाव, प्रदर्शनं, बाजरीची बिस्किटं. शहरातल्या मॉलमध्ये ज्वारीचे पोहे आले, चांगलंच झालं, पण गिरणीतल्या त्या बाईंना त्याचा उपयोग शून्य.

आता दुसरी बाजू, कारण ती माझ्याच घरात रोज ऐकू येते. भाकरी करायला वेळ लागतो. पीठ ताजं लागतं. पंधरा दिवसांत त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही गरम पाणी घाला, थापताना कडेनं चिरा पडतात. बडवून बडवून हात दुखतात, तव्यापुढून हलता येत नाही. चपाती सकाळी करून डब्यात दिली की दुपारी खाता येते. ज्या बाईला आठला कामावर पोचायचंय तिला भाकरीचं महात्म्य सांगणारे बहुतेक पुरुष असतात, मीही त्यातलाच. शिवाय गव्हाला प्रतिष्ठा आहे. आमच्या लहानपणी पाहुणा आला की चपाती, एरवी भाकरी. रेशनवर नुसती ज्वारी ठेवली तर ‘आम्हाला का नाही चपाती’ असं लोक विचारतील आणि ते रास्तच असेल. म्हणून निवड हवी. पाचपैकी किती गहू, किती ज्वारी, हे कार्डधारकानं सांगावं.

समजा पाच माणसांच्या घरानं माणशी दोन किलो ज्वारी मागितली. महिन्याला दहा किलो, वर्षाला एकशेवीस. कोरडवाहू शाळू एकरी चार क्विंटल धरला तर एका घराला बारा गुंठे पुरतात. तीनशे कार्डांच्या गावाला नव्वद एकर. एवढा शाळू त्या भागातल्या पुष्कळ गावांच्या शिवारात आजही उभा असतो. आणि तो घ्यायचा कुणी? गावोगावी विकास सोसायटी आहे. तिच्याकडं छोटं का होईना गोदाम असतं, पीककर्ज तीच देते, आणि कितीतरी गावांत रेशनचं दुकानही तीच चालवते. म्हणजे पोतं खरेदी करणारा, कर्ज वसूल करणारा आणि धान्य वाटणारा एकच. ज्वारीचं पोतं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचंय. आजच्या पद्धतीत ते आधी तालुक्याच्या खरेदी केंद्रावर, तिथून सरकारी गोदामात आणि मग, नशीब असेल तर, परत. ज्या वर्षी पाऊस दगा देईल त्या वर्षी तेवढी जागा केंद्राच्या गव्हानं भरून काढायची. बंब असतो तो त्यासाठीच.

गिरणीत वीज आली तेव्हा साडेअकरा वाजले होते. पट्टा फिरू लागला, गिरणीवाल्यानं ओळीतला पहिला डबा उचलला. बाईंनी आपली ज्वारी पुढं सरकवली नाही. जात्यात आधी काय होतं म्हणून विचारलं. गहू, तो म्हणाला.

“मग माझं मागं ठेवा भाऊ,” त्या म्हणाल्या, “कुणाची ज्वारी झाली की त्यावर टाका.”